तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईल येतोच, मग शाळेत काय शिकवता?

पालकसभा असो की आठवडी बाजार, यवतमाळकडच्या आमच्या गावात मला एक प्रश्न हमखास येतो. ‘‘मॅडम, मोबाईल तं पोट्ट्यायले आपल्याहून जास्त समजते. मंग शाळेत हे टेक्नॉलॉजी कायले शिकवता?’’ मी विज्ञान शिकवते, आणि मुलांचे संगणकाचे तासही माझ्याकडेच आहेत. त्यामुळे उत्तर देणं माझंच काम.

पोरांना मोबाईल चालवता येतो, हे खरं आहे. पण दुसऱ्याने आखून दिलेल्या बटणांवर बोट फिरवणं एवढंच त्यात असतं. मला शिकवायचं आहे ते वेगळं. एखादी गोष्ट मोजायची, मोजलेलं खरं की खोटं ते तपासायचं आणि मग काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं.

त्यासाठी आमच्याकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरातल्या कामगंध सापळ्याइतकं चांगलं साधन नाही. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी तो लावतात. त्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाला, गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास असतो, त्या वासावर नर येतात आणि अडकतात. सातवी-आठवीची मुलं शाळेजवळच्या वावरात रोज सकाळी पतंग मोजतात, वहीत लिहितात आणि एक्सेलमध्ये भरून आलेख काढतात. सलग 3 रात्री एका सापळ्यात दर रात्री 8 किंवा त्याहून जास्त पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, असा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. आलेखावर 8 ची आडवी रेघ मारून ठेवली की आज फवारायचं की थांबायचं, हे वर्गातलं कोणीही सांगतं.

एका हंगामात आकडे एकदम शून्यावर आले. सगळी मुलं खूश झाली. एका मुलीने मात्र विचारलं, ‘‘मॅडम, पतंग गेले का ल्यूरचा वास गेला?’’ ल्यूर जुना झाला होता. नवा लावला तसे पतंग पुन्हा सापडायला लागले. मग मुलं डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, शोधायला आणि हिरवी बोंडं फोडून बघायला लागली, कारण नुसत्या सापळ्यावर विसंबायचं नाही हे त्यांना पटलं होतं. संगणकाने त्या शून्यांचाही सुबक आलेख काढून दिला होता. तो शून्य खोटा आहे, हे संगणक कधीच बोलला नसता. त्या मुलीला पडलेला प्रश्न मुलांना पडावा, यासाठी मी शिकवते.

आपल्या भागात याची किंमत जिवाशी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी टाळता आली तर टाळावी, आणि करायचीच तर डब्यावरचा त्रिकोण आधी बघावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पंपाचं नोझल तुंबलं तर ते तोंडाने फुंकायचं नाही. हेही मी तंत्रज्ञानाच्या तासालाच शिकवते. हल्ली मुलं औषधाचं प्रमाण फोनला विचारतात आणि फोन बेधडक उत्तर देतो. ते उत्तर डब्यावरच्या लेबलाशी ताडून बघायचं, असा आमच्या वर्गाचा नियम आहे.

ई-पीक पाहणीचंही तसंच. 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे आणि बऱ्याच घरांत ती पोरगाच करतो. फोटोबरोबर ठिकाणाचीही नोंद का होते, तुरीच्या जागी सोयाबीन निवडलं गेलं तर बापाला पुढे काय निस्तरावं लागेल, हे त्याला कळायला हवं.

आता पोरींबद्दल. ‘‘पोरीले मशिनीचं काय काम?’’ हा प्रश्न मला आयाही विचारतात, आणि तो ऐकताना माझ्या पोटात तुटतं. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणाने 2023 साली केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त 19.8 टक्के जणींकडे. घरात फोन आधी भावाच्या हातात जातो. मोटरचा स्टार्टर बिघडला तरी हाक त्यालाच. मुलीच्या हातात पेचकस आणि कीबोर्ड हक्काने येईल अशी गावात एकच जागा आहे, ती म्हणजे शाळा. तिथेही तिला मागे बसवलं तर तिने जायचं कुठे?

हाताने काम करत शिकायचं, हे आपल्या विदर्भाला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हेच सांगत होती. टकळीवर सूत काढता काढता गणित शिकायचं. पुढे 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक शाळांत पोचला. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया, सगळं प्रत्यक्ष करून शिकायचं.

आणि आपण काय करतो? मी आधी होते त्या एका शाळेत संगणकांवर कायम कापड झाकलेलं असे आणि खोलीला कुलूप. बिघडतील म्हणून मुलांना हात लावू द्यायचा नाही, आणि हात न लावता पडून राहिल्यामुळेच ते बिघडले. यंत्र वापरात झिजलं तर मला दुःख नाही. महागड्या स्मार्ट बोर्डापेक्षा, खोलून परत जोडता येईल असा जुना संगणक आणि जळालेली मोटर मी आनंदाने घेईन.

म्हणून आता मी तुम्हाला विचारते. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त सदस्य तुम्ही पालकच आहात. पुढच्या सभेला या. संगणकखोलीची किल्ली कोणाकडे असते, आठवड्यात ती किती वेळा उघडते, आणि तुमच्या पोरीने स्वतःच्या हाताने आजवर काय जोडलं, हे विचारा. उत्तर वहीत लिहून घ्या आणि त्याच्या पुढच्या सभेला पुन्हा विचारा.