तुम्ही विचारलंत म्हणून: मार्क आहेत, मग चार ओळी का नाहीत?

पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर मला हटकून एकच प्रश्न विचारला जातो: "सर, पोरगं पहिलीपासून इंग्रजी शिकतंय, दहावीला सत्तर मार्क पाडतंय, मग स्वतःच्या मनाने चार ओळी का लिहिता येत नाहीत?" मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, त्यामुळे विचारणाऱ्याचा दहा वर्षांचा हिशेब चुकलेला नसतो.

माझे उत्तर असे की, ते मार्क बहुतांशी वाचल्याचे नसतात, शोधल्याचे असतात. एकदा नववीच्या वर्गात मी फळ्यावर 'द ब्लॉन्क टुक हिज ट्रिम्बो टू द डोलर' असे वाक्य लिहिले आणि ब्लॉन्कने ट्रिम्बो कुठे नेला, असे इंग्रजीत विचारले. निम्म्याहून अधिक हात वर आले आणि उत्तर अचूक आले, "टू द डोलर." ब्लॉन्क, ट्रिम्बो, डोलर हे तिन्ही शब्द मी त्याच सकाळी बनवले होते. डोलर म्हणजे काय, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला, मागच्या बाकावरून तेवढे आले, "सर, हे परीक्षेला आहे का?"

दहावीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत पुस्तकाबाहेरचा उतारा असतो, पत्र असते, भाषण असते. हेतू चांगलाच आहे. पण प्रश्नातला शब्द उताऱ्यात सापडला की त्यापुढची ओळ उतरवायची, आणि भाषण कोणत्याही विषयावर असो, 'रिस्पेक्टेड प्रिन्सिपल, टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स' यानेच सुरू करायचे, हे साचे गाईडांनी आणि (खोटे कशाला बोलू) आम्ही शिक्षकांनीच घडवले आहेत. पुस्तक उघडून पाहिले तर इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिलेले दिसतात, आणि मूल मोठ्याने वाचते ते त्या पेन्सिलीच्या ओळी.

म्हणून मी आता परिच्छेद वाचून झाला की पुस्तक मिटायला लावतो आणि काय वाचले ते मराठीत सांगायला सांगतो. इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, असे काही सहकारी म्हणतात. पण ज्याला मराठीत सांगता येत नाही त्याला ते कळलेलेच नसते, हे तपासण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. लिहिण्यासाठी रोज दहा मिनिटे: काल घरी घडलेले, तीन वाक्यांत, गाईडाशिवाय. साठ वह्या लाल शाईने रंगवल्या की मुले पुढच्या वेळी लिहीतच नाहीत, म्हणून आठवड्याला एकाच प्रकारची चूक तपासायची.

मध्यंतरी एका मुलीने लिहिले होते: 'माय फादर इज नॉट स्लीप. ही इज गो टू फार्म.' मी समासात फक्त 'व्हाय?' लिहिले. दुसऱ्या दिवशी खाली एक ओळ वाढलेली होती: 'बिकॉज लाइट कम ॲट नाइट ओन्ली.' त्या आठवड्यात वाक्याच्या सुरुवातीचे कॅपिटल अक्षर आणि शेवटचा पूर्णविराम एवढेच तपासायचे ठरले होते. दोन्ही जागच्या जागी होते, म्हणून मी बरोबरची खूण करून वही परत दिली.