आरसा नव्हता, भिंतीला भोक होतं

“सर, तो पिक्चर सगळा कॉम्प्युटरवरच केलाय ना? मग त्यात एवढं सांगण्यासारखं काय?”

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. मी सोलापुरात चादरी-टॉवेलची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. संध्याकाळी चार-सहा पोरं-पोरी शिकायला येतात. काम आटोपलं की ‘टर्मिनेटर २: जजमेंट डे’मधला एखादा तुकडा लावतो आणि तो कसा केला ते सांगत बसतो. पोरं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, एकदा तर एक टॉवेलवाले कारखानदार सुताच्या भावाचं बोलणं अर्धवट सोडून हेच विचारत बसले. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. जेम्स कॅमेरॉनचा हा सिनेमा जुलै १९९१ मध्ये अमेरिकेत लागला. १९८४ च्या पहिल्या भागात अर्नोल्ड श्वार्झनेगर माणसं मारणारा यंत्रमानव होता. दुसऱ्यात तोच जॉन नावाच्या पोराला आणि त्याची आई सारा हिला वाचवायला येतो. त्याच्यापुढे उभा असतो टी-१०००, वितळलेल्या धातूचा, कुणाचंही रूप घेणारा. पहिला भाग साधारण ६४ लाख डॉलरमध्ये झाला होता, दुसऱ्यावर १० कोटींच्या आसपास खर्च झाला. एवढा पैसा आणि वितळणारा माणूस म्हटलं की लोकांना वाटतं, सगळं काम यंत्रानंच केलं असणार.

सिनेमा १३७ मिनिटांचा आहे. त्यात कॉम्प्युटरनं काढलेलं काम साधारण पाच मिनिटांचं. बाकीचं सगळं कुणीतरी हातानं केलंय, आणि मी सांगतो ते या कुणीतरीबद्दल.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो भाड्याच्या कॅसेटवर. पट्टी इतकी घासलेली की वरच्या बाजूला चित्र सारखं थरथरत होतं. नाना, म्हणजे माझे वडील, शेजारी बसले होते. नाना चादरीचे ग्राफ काढायचे. मोठा चौकटीचा कागद, त्यावर एकेक घर रंगवत जायचं. एक घर म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची आणि ती जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चढायची. कार्डात भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर राहू द्यायचा. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, गोष्टही फारशी नाही. पण वेड्यांच्या इस्पितळात फरशीतून टी-१००० उठतो त्या दृश्याला ते पुढे सरकून बसले. फरशी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची आहे. माणूस वर येतो तेव्हा त्या चौकड्याही त्याच्या अंगाबरोबर वर ओढल्या जातात. नाना म्हणाले, “चौकडी तुटली नाही बघ. अंगाला धरून वळली. ज्यानं केलं त्याला कापड कळतंय.”

ते त्यांनी का म्हटलं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. टी-१००० चं काम करणाऱ्या रॉबर्ट पॅट्रिकच्या अंगावर ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या कॉम्प्युटर-चित्रं करणाऱ्या कंपनीच्या माणसांनी उभ्या-आडव्या रेघांची जाळी काढली होती. तशा अंगानं त्याला चालवलं, पळवलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. पाय टाकताना कोणता चौकोन ताणला जातो, कोणता आकसतो, हे त्यावरून मोजलं आणि मग कॉम्प्युटरमधला चांदीचा माणूस चालायला लावला. म्हणजे माणसाच्या अंगाचा ग्राफच काढला होता! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नानांच्या जुन्या ग्राफांची गुंडाळी काढून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

पॅट्रिकचं स्वतःचं कामही सांगायला हवं. यंत्र धापा टाकत नाही, म्हणून तोंड मिटून, फक्त नाकानं श्वास घेत जोरात पळायचा सराव त्यानं केला. गोळी झाडताना पापणी हलू द्यायची नाही, हेही शिकला. पळताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. तिथे कॉम्प्युटर कुठेच नाही.

त्याला गोळ्या लागतात तेव्हा छातीवर चांदीची फुलं उमलल्यासारखी होतात. पोरं हमखास म्हणतात, हे तर ग्राफिक्स. ती फुलं सिनेमासाठी बाहुली आणि मुखवटे करणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात बनवलेली आहेत. फोम रबराचे आकार, वर धातूचा चकचकीत मुलामा, आत स्प्रिंग. मिटवून गणवेशाखाली दडवायची, वरच्या कापडाला आधीच चिरा देऊन ठेवायच्या आणि नेमक्या क्षणी खटका सोडायचा. शॉटगननं डोकं दुभंगतं तिथेही पहिलं दिसतं ते बाहुलं. ते परत जुळतं तिथे कॉम्प्युटर येतो. शेवटाकडे गोठून फुटलेल्या तुकड्यांचे थेंब होऊन एकमेकांकडे धावतात, तो खरा पारा आहे, केस वाळवायच्या यंत्राच्या हवेनं ढकललेला. कुठे हात थांबवायचा आणि कुठे यंत्राला पुढे करायचं, ही निवड मला या सिनेमातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते. आमच्या धंद्यातही नवा मुलगा चुकतो तो इथेच.

आता आरशाचं सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दाखवतोच.

सारा आणि जॉन टर्मिनेटरच्या, म्हणजे अर्नोल्डच्या यंत्रमानवाच्या, डोक्यातली चिप काढतात. आपल्याला पुढे साराची पाठ दिसते, तिच्यापुढे टर्मिनेटरचं डोकं मागच्या बाजूनं, आणि समोरच्या आरशात दोघांचे चेहरे. कॅमेरा हळूहळू सरकत जातो. सारा कवटीचं झाकण उघडते आणि आरशात अर्नोल्ड जिवंत बसलेला दिसतो. कुठे जोड नाही. कसं केलं असेल? मुलं सांगतात, दोन चित्रं चिकटवली. मी म्हणतो, अजून एकदा बघा.

तिथे आरसाच नाही. भिंतीला आरशाएवढं भोक पाडलंय आणि पलीकडे तशीच खोली उलटी मांडलीय. अलीकडे जे डोकं आहे ते अर्नोल्डचं हुबेहूब बाहुलं. पलीकडे, भोकातून दिसतो तो खरा अर्नोल्ड, त्याच्यामागे सारा झालेली लिंडा हॅमिल्टन. मग अलीकडे पाठमोरी उभी आहे ती कोण? ती लिंडाची जुळी बहीण, लेस्ली. लेस्ली पेशानं नर्स होती, नटी नव्हती. दोघी बहिणी भोकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून एकाच वेळी, एकाच वेगानं हात हलवतात. एकीचा उजवा, तर दुसरीचा डावा. एवढ्या नाजूक कामात बोटंही जुळायला हवीत.

मला हे ऐकून पहिल्यांदा आठवल्या त्या माझ्या आई आणि मावशी, तुटलेले धागे सांधायला मागाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या. एकमेकींकडे न बघता त्यांचे हात चालायचे. जुळ्या नव्हत्या, पण वर्षानुवर्षं एकाच कामाला बसलं की हात जुळे होतात.

शेवटी टी-१००० साराचं रूप घेतो, तिथे दोन सारा एकदम दिसतात तेव्हाही लेस्लीच आहे. आणि इस्पितळात कॉफीच्या मशिनजवळ उभा असलेला पहारेकरी व त्याचं सोंग घेतलेला टी-१०००, हे डॉन आणि डॅन स्टँटन नावाचे खरे जुळे भाऊ. कॉम्प्युटरवर लाखो डॉलर खर्च करणारा दिग्दर्शक जिथे जमेल तिथे सरळ जुळी माणसं शोधून आणतो, याचं मला फार कौतुक आहे.

आवाजाचं थोडक्यात सांगतो, कारण ते वाचण्यापेक्षा ऐकायला हवं. टी-१००० गजांमधून आरपार जातो तेव्हाचा ओलसर, ओढल्यासारखा आवाज सिनेमाचे आवाज तयार करणाऱ्या गॅरी रायडस्ट्रॉमनं मिळवला तो डब्यातून हळूहळू निसटणाऱ्या कुत्र्याच्या घट्ट खाण्यापासून. धातू वाहतो त्या आवाजासाठी पिठाच्या पातळ खळीत हवा फुंकली, आत रबराचं आवरण घातलेला माइक बुडवून. पहिल्या भागापासून चालत आलेल्या त्या ठोक्यामागे तर संगीतकार ब्रॅड फीडलनं बडवलेलं बिडाचं फ्राइंग पॅन होतं. १९९२ मध्ये या सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, त्यांतले दोन आवाजाचे.

पण आवाजाचीच एक गोष्ट मी पोरांना आवर्जून वेगळी सांगतो. लिफ्टमध्ये गोळीबार होतो त्या दृश्याच्या वेळी लिंडा हॅमिल्टन कानातले बोळे परत घालायला विसरली. बंद लिफ्टमध्ये बंदुकीचा बार झाला आणि तिच्या एका कानाची ऐकण्याची ताकद कायमची कमी झाली. लोक हे कौतुकानं सांगतात, बघा किती झोकून दिलं म्हणून. मला ते सांगवत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसांशी बोलताना आमच्या पूर्व भागात आजही आवाज चढवावा लागतो. नानांना शेवटी शेवटी नातवंडांचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागायचं. कामात गेलेला कान हा मानाचा तुरा नव्हे. तसंच पाठलागातल्या हेलिकॉप्टरचं. ते रस्त्यावरच्या पुलाखालून खरोखर उडवलंय, चक टॅम्बरो नावाच्या वैमानिकानं. कॅमेऱ्यावरच्या लोकांनी धोका आहे म्हणून नकार दिला, तेव्हा कॅमेरॉननं स्वतः कॅमेरा धरला. दृश्य बघताना अंगावर काटा येतो, हे खरं. तरी नाही म्हणणारी माणसं बरोबर होती, असंच मी दर वेळी सांगतो.

त्यापेक्षा मला ट्रकची गोष्ट आवडते. टी-१००० ट्रक घेऊन जॉनच्या मागे लागतो तो कोरड्या कालव्यातला पाठलाग ठरला, जागा ठरली, आणि ऐनवेळी ध्यानात आलं की पुलाखालून ट्रक जाणारच नाही, उंची कमी पडतेय. मग ठरवलं की पुलाला धडकून ट्रकचं छप्परच उडतंय असं दाखवायचं. आज तो प्रसंग छपराशिवायच्या ट्रकमुळेच लक्षात राहतो. त्याच पाठलागात मोटारसायकल कालव्यात उडी घेते ती जाड तारांवर तोललेली होती. तारा नंतर चित्रातून पुसल्या. इथे कॉम्प्युटरनं काही काढलं नाही, फक्त मिटवलं.

आणि शेवटचा पोलाद कारखाना. तो कॅलिफोर्नियातल्या फाँटाना गावचा कैसर स्टीलचा, ऐंशीच्या दशकात बंद पडलेला. भट्ट्या थंडगार. उकळतं पोलाद दिसतं तो खालून दिवे लावून पेटवल्यासारखा केलेला द्रव आहे. सगळी धग दिव्यांची.

हे दृश्य मी सोलापूरकर म्हणून बघतो, त्याला इलाज नाही. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. ती मिल १९४९ मध्ये बंद पडली तेव्हा सरकारनं १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली आणि त्यावरचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, हे कायदा शिकणाऱ्यांना माहीत असेल. पुढे ती कायमचीच थांबली. आजोबा तरी पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. बंद कारखान्यात कुणी नुसते दिवे लावून, धूर सोडून तो पुन्हा सुरू झाल्यासारखा दाखवला, तर त्या गावातल्या जुन्या कामगाराला काय वाटलं असेल? सिनेमा चालू असताना मला शेवटच्या मारामारीपेक्षा हाच विचार जास्त येतो.

खऱ्या स्फोटाची एक गोष्ट आमच्या पोरांना वेगळी समजावावी लागत नाही. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा ती सगळी गच्चीवर होती. धूळ आधी दिसली, आवाज मागून आला. सिनेमात सायबरडाइन या गोष्टीतल्या कंपनीची इमारत उडते ती कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधली खरी इमारत आहे, वर खोटा मजला चढवलेला, आणि स्फोटही खराच. दुसऱ्यांदा करायची सोय नाही, म्हणून कॅमेरे बरेच लावलेले. चिमणी पाहिलेल्या मुलीनं पडद्यावरच्या त्या धुरळ्याकडे बघून पटकन सांगितलं, “सर, हे खरं आहे. खोट्यात धूळ इतका वेळ राहत नाही.”

तर बघायचा असेल तर लांब आवृत्ती शोधा. आरशाचं दृश्य टॉकीजमध्ये लागलेल्या सिनेमातून कापलं होतं. नंतरच्या वाढीव आवृत्तीत ते आहे, पेट्रोल पंपाजवळच्या गॅरेजमधलं. हेडफोन लावा. गजांचा आवाज आधी ऐका, मग बघा. आणि आरसा आला की लिंडाकडे बघू नका, पाठमोऱ्या बाईचे हात बघा.