आत्यासाठी छोटा टीव्ही घेताना

लालबागच्या चाळीत माझी आत्या एकटी राहते. तिचा टीव्ही बंद पडला आणि नवीन घेण्याचं काम माझ्याकडे आलं. तिच्या मागण्या मोजक्या होत्या. फडताळाच्या खणात मावला पाहिजे, सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या लागल्या पाहिजेत आणि रिमोट एकच पाहिजे. शेवटची अट घरात बाकीच्यांना किरकोळ वाटली, मला मात्र तीच सगळ्यात मोठी वाटली. केबलच्या बॉक्समुळे तिच्याकडे दोन रिमोट असायचे. एकावरचं भलतंच बटण दाबलं गेलं की पडद्यावर ‘नो सिग्नल’. मग शेजारच्या मुलाला हाक मारायची, तो क्लासला गेला असेल तर बसून राहायचं. या वयात बातम्या बघायला कुणाची वाट बघावी लागू नये, एवढीच माझी इच्छा होती.

मापाचा प्रश्न लगेच सुटला. खण आतून ६० सेंटीमीटर रुंद. ३२ इंची टीव्हीचा नुसता पडदाच ७१ सेंटीमीटर भरतो, तेव्हा तो बाद. २४ इंचीचा पडदा ५३ सेंटीमीटर, कडा धरून दोनेक सेंटीमीटर जास्त. म्हणजे २४ इंचीच.

खरा प्रश्न होता चॅनेल कुठून येणार हा. आत्याला अजून गच्चीवरचा अँटेना आठवतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि वरळीचा टॉवर लालबागहून काही लांब नाही, त्यामुळे चित्र स्वच्छ यायचं. तिला वाटत होतं, आताही एक तार लावली की झालं. पण ते जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केलं. जमिनीवरून येणारं डिजिटल प्रक्षेपण दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत सुरू केलं होतं. त्यासाठी टीव्हीत डीव्हीबी-टी२ जातीचा ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडून चॅनेल लावणारा भाग, लागतो, आणि त्यात दूरदर्शनचेच मोजके चॅनेल. आत्याला बातम्यांशिवाय कीर्तन, जुने सिनेमे असंही हवं असतं. केबल ठेवली असती तर बॉक्स आलाच, कारण २०१२ पासून मुंबईत केबल डिजिटल आणि बंदिस्त आहे, ती बॉक्सशिवाय उघडत नाही. प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप आहे, पण तिच्याकडे इंटरनेट नाही आणि तिला ते नको आहे.

राहिली डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून चॅनेल देणारी सेवा. २००४ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं नाही, एकदा डिश बसवली की झालं. आणि टीव्हीतच डीव्हीबी-एस२ हा उपग्रहाचा ट्यूनर असेल तर बॉक्सही लागत नाही. डिशची केबल सरळ टीव्हीला, रिमोट एक. भारतीय मानक ब्युरोने अशा टीव्हींसाठी आयएस १८११२ हे मानक २०२२ मध्ये काढलेलं आहे. तरीही छोट्या टीव्हींच्या दुकानात हा विषय काढला की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरतो.

लॅमिंग्टन रोडला पहिल्याच दुकानात मला सांगितलं, “ताई, डिजिटलच आहे हा, फुल एचडी.” पडदा किती बारीक ठिपक्यांचा आहे याचा आणि ट्यूनरचा काही संबंध नाही. मी म्हटलं, “दादा, मागची बाजू दाखवा.” मागे अँटेनाचं एकच भोक, गुळगुळीत कडेचं. उपग्रहाचं भोक वेगळं असतं. त्याला बाहेरून आटे असतात, केबल पिळून बसवावी लागते, आणि शेजारी ‘एलएनबी’ (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग) किंवा ‘सॅटेलाइट’ असं लिहिलेलं असतं. ते नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पण भोक दिसलं म्हणजे काम झालं असंही नाही. दुसऱ्या दुकानात आटे असलेलं भोक होतं. मी टीव्ही चालू करायला लावला आणि मेनूत चॅनेल शोधण्याच्या पानावर गेले. तिथे ‘अँटेना’ आणि ‘केबल’ हे दोनच पर्याय. ‘सॅटेलाइट’ नाहीच. दुकानदारालाही नवल वाटलं. त्यानेच मग गोदामातून त्याच कंपनीचा दुसरा खोका आणवला. दिसायला तंतोतंत तोच टीव्ही, मॉडेल नंबरच्या शेवटची दोन अक्षरं तेवढी वेगळी, आणि याच्या मेनूत तिन्ही पर्याय! मी तिथेच उभी राहून फोनवर कंपनीच्या साइटवरून त्या नंबरची माहितीपुस्तिका काढली आणि ट्यूनरच्या ओळीत डीव्हीबी-एस२ छापलेलं आहे, सोबत एमपीईजी-४ (चित्र दाबून लहान करून पाठवायची पद्धत) आहे, हे वाचलं. फ्री डिशवरचे बरेच चॅनेल आता एमपीईजी-४ मध्ये येतात, ते जुन्या एमपीईजी-२ यंत्रांवर दिसत नाहीत. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घेतला. शेवटच्या अक्षरांसकट.

स्मार्ट टीव्ही मी मुद्दाम टाळला. चालू केल्याबरोबर चौकोन चौकोन दिसणारं पान आत्याच्या काही कामाचं नाही. हा टीव्ही काल बंद केला त्याच चॅनेलवर आज सुरू होतो.

डिश बसवण्याआधी चाळीच्या सेक्रेटरींची परवानगी घेतली. त्यांना एकच चिंता होती, पावसाळ्यात गच्ची गळायला नको. म्हणून भोकं न पाडता कठड्याला पट्टीने आवळून बसवायचं ठरलं. डिशवाले काका बघायला आले आणि म्हणाले, “पोरी, समोर टॉवर झालाय ना, सिग्नल नाही यायचा.” लालबागला आता जिकडे बघावं तिकडे टॉवर, त्यामुळे त्यांची शंका रास्तच होती. पण फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १३१ अंशांवर येतो, आणि क्षितिजापासून जवळजवळ ५७ अंश वर. एवढ्या उंचावरून येणारा सिग्नल अडवायला समोरची इमारत डिशपेक्षा बरीच उंच असावी लागते. ३० मीटरवर असेल, तर डिशच्या पातळीपासून ४६-४७ मीटर. टॉवर त्याहून बराच लांब होता आणि शिवाय दक्षिणेकडे सरकलेला. काकांनी फोनचं होकायंत्र लावलं. पाण्याच्या लोखंडी टाकीजवळ काटा भलतीकडे जात होता, म्हणून ते बाजूला जाऊन पुन्हा बघून आले आणि मग म्हणाले, “चल, लावू या.”

खाली टीव्हीच्या यादीत जीसॅट-१५ नावच नव्हतं. इन्सॅट-४बी होतं. फ्री डिश आधी त्याच्यावर होती आणि आकाशातली जागाही तीच, म्हणून तेच निवडलं. मग सेटिंगचे आकडे भरले: एलएनबी ९७५०-१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. मी खाली पडद्यासमोर, काका गच्चीवर, मध्ये फोन. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ डिश कुठेही फिरवली तरी बऱ्यापैकी दिसते, तिच्यावर भुलू नये. क्वालिटी शून्यावर पडून होती. काका डिश केसभर सरकवत होते, मी “नाही... नाही... अजून नाही” म्हणत होते, आणि एकदम ती सत्तरच्या पुढे गेली. मी फोनवर ओरडलेच. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली.

केबल काढायची घालायची असेल तेव्हा टीव्हीचा प्लग आधी काढावा, कारण एलएनबीला याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट जातात. गच्चीवरच्या जोडाला काकांनी पाणी न शिरणारी टेप गुंडाळली आणि त्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वाहत जोडात न जाता तिथून ठिबकतं. मुंबईच्या पावसात हे केलंच पाहिजे. मोठी सर आली की चित्र थोडा वेळ जातं, त्याला इलाज नाही. आत्याला ते आधीच सांगून ठेवलं, नाहीतर ती टीव्ही बिघडला म्हणून काळजी करत बसली असती.

चॅनेल भरपूर सापडले. सह्याद्री पहिल्या नंबरवर आणला, त्याखाली तिच्या आवडीचे, बाकीचे लपवले. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे अधूनमधून चॅनेल जातात, नवे येतात आणि पुन्हा शोध घ्यावा लागतो. तो घेतला की मी लावलेला क्रम विस्कटू शकतो, म्हणून ते काम मी माझ्याकडेच ठेवलंय. क्रम एका कागदावर उतरवून फडताळाच्या दाराला आतून चिकटवलाय. मी नसले तर शेजारच्या मुलालाही तो बघून करता येईल.