एचटी-२ आणि साडेतीन मिलिमीटर

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आज अख्खा दिवस एचटी-२ मध्ये गेला. सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसलो ते जेवायला तीन हाका आल्यावर उठलो आणि जेवून परत बसलो. एचटी-२ म्हणजे हिंदुस्थान एअरक्राफ्टचं दोन सीटचं ट्रेनर, पायलटना उडायला शिकवायचं विमान, आपल्याकडे डिझाइन झालेलं आणि प्रॉडक्शनमध्ये गेलेलं. ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळुरूला कॅप्टन जमशेद मुन्शींनी पहिल्यांदा उडवलं. त्याआधी आपली पोरं टायगर मॉथवर शिकायची, कापड मढवलेलं दुपंखी विमान ते, आणि हे आलं ते पूर्ण धातूचं, एकपंखी. पुढे १९८० च्या दशकात दीपक हे नवं ट्रेनर येईपर्यंत किती पायलट पहिल्यांदा यातूनच वर गेले असतील.

मला त्याचं १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मॉडेल करायचंय. त्याचं जोडायच्या सुट्या भागांचं किट मला कुठे मिळालं नाही. कपाटात चिपमंक या दुसऱ्या एका ट्रेनर विमानाचं किट मात्र पडून आहे आणि खरं सांगायचं तर महिनाभर मनात हेच होतं की तेच घ्यावं, थोडं कापावं, थोडी पुट्टी लावावी, चंदेरी रंग मारावा, झालं एचटी-२. दिसतातही सारखी, दोन्ही एकपंखी, एकामागे एक सीट, शेपटीखाली छोटं चाक, आणि नाकात चार सिलिंडरचं उलटं इंजिन.

मग आकडे काढले. चिपमंकचा पंख टोकापासून टोकापर्यंत १०.४७ मीटर, एचटी-२ चा १०.७२. लांबी चिपमंकची ७.७५, आपल्याची ७.५३. म्हणजे आपलं विमान २५ सेंटिमीटरने जास्त रुंद आणि २२ सेंटिमीटरने आखूड. १/७२ मध्ये हे होतात साडेतीन मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण रुंदी वाढते आणि लांबी कमी होते म्हटल्यावर विमानाची बसणीच बदलते, ते जरा बुटकं नि पसरट दिसायला लागतं, आणि एकदा ते डोळ्यात भरलं की मग चिपमंक कापून केलेलं कधीच एचटी-२ वाटणार नाही.

सोसायटीतले एक काका एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते, त्यांना गेल्या आठवड्यात मोबाइलवर मुद्दाम न सांगता चिपमंकचा फोटो दाखवला होता. एक सेकंद पाहिला फक्त. "अरे हे एचटी-टू नाही. हे नाक आपलं नाही." मी म्हटलं काका, सारखंच तर आहे. तर म्हणाले, "रोज ज्याचं नाक पुसलंय ते मी ओळखणार नाही का?" त्यांनी ते इतकं सहज म्हटलं, पण मी घरी येऊन चिपमंकचा डबा परत वरच्या फळीवर ठेवला.

आणि नाकावरूनच आजचा सगळ्यात मोठा शोध लागला. पहिल्या प्रोटोटाइपला जिप्सी मेजर इंजिन होतं, १४५ हॉर्सपॉवरचं, चिपमंकच्याच घराण्यातलं. पण प्रॉडक्शनच्या विमानांना सायरस मेजर बसवलं, १५५ हॉर्सपॉवरचं. म्हणजे मी जे फोटो एका फोल्डरमध्ये 'एचटी-२' म्हणून टाकत होतो त्यात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या इंजिनांची विमानं एकत्र होती आणि मी एकाचं नाक बघून दुसऱ्याची बॉडी काढत होतो! दुपारी बसून सगळे फोटो वेगळे केले. प्रॉडक्शनचंच करायचं ठरलं, काकांनी पुसलेलं नाक तेच ना.

ड्रॉइंगचीही तीच गत. माझ्याकडची झेरॉक्स कितव्या हाताची आहे देव जाणे, तिच्यावर रुंदीला लांबीने भागलं तर १.३९ येतंय आणि खऱ्या विमानाचं यायला हवं १.४२. म्हणजे झेरॉक्स होता होता कागद एका बाजूने ताणला गेलाय. म्हणून आता ड्रॉइंगवर विश्वास फक्त आकारापुरता, माप सगळं आकड्यांवरून आणि फोटोंवरून. बंगळुरूच्या एचएएल (हिंदुस्थान एअरक्राफ्टचीच आजची कंपनी) म्युझियममध्ये एक एचटी-२ ठेवलंय, तिथे पुढच्या महिन्यात जायचंच आहे. जवळून वाइड लेन्सने काढलेला फोटो मापाला उपयोगाचा नाही, नाक मोठं येतं नि शेपटी बारीक होते, म्हणून लांब उभं राहून झूमने, अगदी बरोबर बाजूने काढायचे.

रंगाचं अजून सुटत नाहीये. जुने फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यात राउंडेलचा, म्हणजे विमानावरच्या गोल खुणेचा, केशरी आणि हिरवा दोन्ही करडेच दिसतात, उन्हात विटलेला केशरी तर अजूनच फसवतो. काकांकडे एक अल्बम आहे म्हणे, शनिवारी बघायला बोलावलंय.

हे विमान ज्यांनी डिझाइन केलं त्या डॉ. विष्णू माधव घाटगेंबद्दल आज परत वाचत बसलो. जन्म आपल्या महाराष्ट्रातल्या हसूरचा, १९०८ चा. तिथून जर्मनीत गॉटिंगेनला हवेच्या प्रवाहाचा मोठा शास्त्रज्ञ प्रांटल याच्या हाताखाली डॉक्टरेट, मग बंगळुरूला शिकवणं, मग हिंदुस्थान एअरक्राफ्ट. पुढे किरण हे जेट ट्रेनरही त्यांच्याच हाताखाली झालं. आपल्याकडच्या किती शाळकरी पोरांना हे नाव माहीत असेल? मला स्वतःला कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं आणि ते मला फार लागतं. घानाच्या हवाई दलालाही आपण एचटी-२ दिली होती, हेही असंच उशिरा कळलं.

आत्ता पांढऱ्या प्लॅस्टिक शीटवर पंखासाठी पहिली रेघ मारली. १४९ मिलिमीटर. दोनदा मोजली, व्हर्नियरने एकदा आणि स्टीलच्या पट्टीने एकदा. कापायचं उद्या ऑफिसहून आल्यावर, आता डोळे मिटायला लागलेत.