मानेचा जोड

जुन्या गोव्यात मराठी पर्यटकांना वाटाड्या म्हणून फिरवण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करते आहे. बहुतेक सहलींच्या वेळापत्रकात बॉम जेझूस बॅसिलिका आणि तिच्या समोरचे से कॅथेड्रल यांना मिळून दीड-दोन तास दिलेले असतात. तेवढे आटोपले की लोकांना मंगेशी गाठायचे असते आणि जेवणाचीही घाई असते. त्यामुळे टेकडीवरच्या सांता मोनिका मठापर्यंत आणि तिथल्या ख्रिस्ती कला संग्रहालयापर्यंत फार थोडे गट पोहोचतात. हुपरीहून आलेल्या बावीस जणांचा गट तिथपर्यंत पोहोचला, तो केवळ त्यांच्यातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांमुळे. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी म्हणजे चांदीचे गाव. पैंजण घडवण्यात अण्णांचे सारे आयुष्य गेले होते आणि त्यांचा कारखाना आता मुलगा सांभाळत होता.

सकाळी बॅसिलिकेत मी नेहमीप्रमाणे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीसमोर उभी राहून माहिती देत होते. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने हा संगमरवरी चौथरा भेट म्हणून पाठवला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला, हे मला तोंडपाठ आहे. चौथऱ्यावर, बरेच उंचावर, संताचे पार्थिव ठेवलेली चांदीची पेटी आहे आणि तिच्यावर त्यांच्या आयुष्यातले बत्तीस प्रसंग पत्र्यावर उठावात काढलेले आहेत. अण्णा मान वर करकरून त्या पेटीकडेच पाहत होते. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी विचारले, "ताई, दगडाचं काम कुणी केलं ते कळलं. वरचं चांदीचं कुणी केलं?" मी सांगितले की १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी ती पेटी घडवली आणि तिचा आराखडा मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइट पाद्रींचा मानला जातो. "आराखड्याचं नाव सांगितलंत. हातोडी कुणाची?" असे ते म्हणाले आणि पुन्हा वर पाहू लागले. माझ्या सांगण्यात संगमरवराला नाव होते आणि चांदीला नव्हते, हे इतक्या वर्षांत मला प्रथमच खटकले. पोर्तुगीज काळातली चांदी जवळून पाहायला मिळेल असे एक ठिकाण आहे, असे मी म्हणताच ते बसकडे जायला तयार होईनात. अखेर सगळा गटच टेकडीकडे निघाला.

या टेकडीला मोंत सांतु म्हणतात. संत ऑगस्टिनच्या चर्चचा पडका मनोरा इथे अजून शेचाळीस मीटर उंच उभा आहे. त्याच्या समोरच सांता मोनिका मठाची जांभ्या दगडाची तीन मजली, किल्ल्यासारखी वास्तू आहे. १६०६ मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी हा मठ स्थापन केला आणि १६२७ मध्ये बांधकाम पुरे झाले. पूर्वेकडच्या देशांतला जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती नन्सचा, हा पहिला मठ होता. १६३६ मध्ये तो आगीत जळाला आणि लगेच पुन्हा उभारला गेला. पुढे १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि नवीन जोगिणी घेण्यास मनाई झाली, म्हणून आत होत्या त्या तिथेच म्हाताऱ्या झाल्या. त्यांतली शेवटची १८८५ मध्ये वारली. ही हकिगत सांगताना गटातल्या बायका नेहमी गप्प होतात, तशा त्या दिवशीही झाल्या.

संग्रहालय १९९४ मध्ये प्रथम रायतूरच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, उघडले, २००२ मध्ये या मठात आले आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. आत हस्तिदंताच्या मूर्ती आहेत, रंगवलेले लाकडी संत आहेत, जरीकाम केलेली पाद्रींची वस्त्रे आहेत. हस्तिदंतातला बाळ येशू मेंढपाळाच्या रूपात, हातावर गाल टेकून, डोळे मिटून बसतो, तेव्हा आपल्याकडच्या माणसाला आधी बुद्धाची आठवण होते. इथे मी सहसा बराच वेळ थांबते. त्या दिवशी थांबले नाही, कारण अण्णा पुढे निघून गेले होते.

ते पेलिकनच्या काचेसमोर होते. सतराव्या शतकातली ही चांदीची वस्तू म्हणजे पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला पक्षी आहे. पवित्र भाकर जपून ठेवण्याची पेटी आणि ती भक्तांना दर्शनासाठी मांडण्याचे पात्र, ज्याला मॉन्स्ट्रन्स म्हणतात, अशी दोन्ही कामे तिच्यात एकत्र केलेली आहेत. "हा हंस का गरुड?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना युरोपातली जुनी समजूत सांगितली: पेलिकन मादी स्वतःच्या छातीला चोच मारून आपल्या रक्ताने पिलांना जगवते, आणि येशूनेही माणसांसाठी रक्त सांडले, म्हणून हा पक्षी त्याचे चिन्ह ठरला. अण्णांनी ते आदराने ऐकून घेतले आणि चष्मा कपाळावर सरकवून ते काचेच्या इतके जवळ गेले की पहारेकरी दोन पावले पुढे आला.

मग ते बोलू लागले आणि मी ऐकू लागले. पत्रा राळेवर बसवतात, राळ गरम असताना मऊ असते आणि निवली की घट्ट धरून ठेवते, मागून ठोकून उठाव काढायचा आणि मग पालथा करून पुढून बारीक छिन्नीने रेघा मारायच्या. देवाची प्रभावळ, पालखीची दांडी, मुखवटा, सगळे असेच होते, असे त्यांनी सांगितले. "ही पिसं बगा. साच्यातली असती तर सगळी सारखी आली असती. हितं हात जड पडलाय, हितं हलका." नंतर त्यांनी काचेवर बोट न टेकवता, हवेतच, पक्ष्याच्या मानेपाशी एक आडवी रेघ ओढली. "मान आणि धड एका पत्र्यातून निघत न्हाई. हितं कुठंतरी झाळलेलं असणार. पण त्यानं पिसांची ओळ बरोबर त्याच्यावर आणून बसवलीया." मी खूप पाहिले. मला जोड दिसला नाही. "दिसला असता तर कारागीर कच्चा म्हटला असता," असे ते म्हणाले. हा पक्षी मी शेकडो वेळा लोकांना दाखवला आहे. त्याचा अर्थ सांगता सांगता त्याची मान मी एकदाही पाहिली नव्हती.

तिथेच मी त्यांना सहसा वेळेअभावी गाळते ती गोष्ट सांगितली. १५६७ मध्ये गोव्यात चर्चची पहिली प्रांतिक परिषद भरली आणि ख्रिस्ती लोकांनी चित्रे, क्रूस, पूजेची पात्रे हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असा निर्बंध तिने घातला. तरीही असे काम हिंदू कारागिरांकडे जातच राहिले, आणि पुढेही अशी बंधने पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरूनच ती किती पाळली जात होती ते उघड होते. चर्चमधल्या प्रवचनपीठांच्या तळाशी कोरलेल्या नागकन्या आजही पाहायला मिळतात. एक नाव मात्र मला ठाऊक होते आणि ते मी आनंदाने सांगितले. रावळू शेट नावाचा गोव्याचा सोनार १५१८ च्या सुमारास लिस्बनला गेला होता आणि राजा मॅन्युएलसाठी त्याने दागिने घडवले होते. अण्णांनी ते नाव स्वतःशी दोनदा म्हटले. "रावळू. आपल्यातलंच नाव हाय की."

मला स्पष्टपणे वाटते की या वस्तूंना केवळ पोर्तुगीजांचा वारसा म्हणून बाजूला ठेवणे हा त्या घडवणाऱ्यांवर अन्याय आहे. धर्मांतराचा आणि इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, इतिहास कठोर आहे आणि तो मी कोणत्याही गटापासून लपवत नाही. त्या काळात या देशातल्या माणसांच्या हातांनी जे उत्तम काम केले, तेही त्याच इतिहासाचा भाग आहे. तो सांगायचा तर राळ, पत्रा आणि झाळकाम यांची भाषा यावी लागते. मला ती येत नव्हती.

शेजारच्या चर्चमधला 'रडणारा क्रूस' पाहायला बाकीची मंडळी गेली. १६३६ मध्ये या क्रूसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले आणि जखमांतून रक्त वाहिले, अशी श्रद्धा आहे. मी तिथली माहिती थोडक्यात सांगून अण्णांना शोधायला परत आले. ते मठाच्या अंगणात सावलीत बसले होते आणि कानाला फोन लावून मुलाशी मोठ्याने बोलत होते. चर्च, समुद्र, प्रवास यांतले काहीही त्यांनी सांगितले नाही. "अरं, मशीन थोडं बंद कर आणि ऐक," ते म्हणत होते, "मानंला जोड न्हाई दिसत. पिसाखाली घातलाय. आपल्याला मोराच्या समईला जमला नव्हता बघ, तसला."