शेपटीसकट

संस्थानी वाड्याच्या दिवाणखान्यात दुपारी कोणी फिरकत नाही. भिंतीवर वाघ. एका कानाला कसर लागलेली, एक मिशी खाली ओघळलेली. खाली पितळी पाटी: साल, जंगलाचं नाव आणि '१० फूट २ इंच'. जंगलाचं नाव काळवंडलंय. आकडा तेवढा लख्ख, कारण आलागेला प्रत्येक जण बोट ठेवून तोच वाचतो.

शाळेच्या सहलीतल्या पोरांची रीत ठरलेली असते. आधी जबड्यात हात घालायची पैज, मग बाईंचं ओरडणं, मग 'खरा आहे का हो?' पोरांना 'भुसा भरलेला वाघ' म्हणून सांगतात, पण चांगल्या कामात भुसा नसतो. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात विसाव्या शतकात हजारो वाघ-बिबटे तयार झाले. तिथे साच्यातून कागदाच्या लगद्याचं पोकळ अंग काढत आणि त्यावर कमावलेलं कातडं चढवत. जीभ घडवलेली, डोळे काचेचे. वाघाची बाहुली गोल असते. स्वस्तातला कारागीर मांजरासारखी उभी फट असलेले डोळे बसवतो आणि वाघ जन्मभर बावळट दिसतो. किडीसाठी कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक या विषाचा, साबण चोळायची जुनी पद्धत होती. तेव्हा बाई ओरडतात ते योग्यच.

खरी घाई मात्र जंगलात. आपल्याकडच्या उन्हात सावज पडल्यावर काही तासांतच पोटाकडची कातडी हिरवी पडते आणि केस मुठीने हातात येतात. ओठ, कान आणि पंजे आधी जातात. म्हणून ओठ आतून चिरून, कान कूर्च्यापासून सोडवून उलटे करून, सगळीकडे मीठ भरायचं. मीठ कुठे कमी पडलं हे वीस वर्षांनी त्या कानाकडे बघून कळतं. शिवाय मिशा मोजून ठेवाव्या लागत. हाकाऱ्यांपैकी कोणीतरी त्या उपटून नेई, आणि खांद्याजवळची ती सुटी छोटी हाडंही. साहेबाला भिंत सजवायची, हाकाऱ्याला ताईत करायचा.

आता ते १० फूट २ इंच. या फुटांत शेपूट धरलेली असते. म्हणजे जवळजवळ तीन फूट मोठेपणा नुसता शेपटीचा. मोजायच्या रीती दोन. वाघ ताठरायच्या आत सरळ ओढून घ्यायचा, नाकाशी एक खुंटी, शेपटीच्या शेवटच्या हाडाशी दुसरी, मग वाघ बाजूला करून मधलं अंतर घ्यायचं. किंवा टेप नाकावरून, कपाळावरून, मानेच्या खळग्यात आणि पाठीच्या चढउतारांवर दाबत टोकापर्यंत न्यायचा. या दुसऱ्या रीतीत तोच वाघ दोन ते सहा इंच वाढतो. कातडं सोलून, ताणून, खुंट्या मारून मग मोजलं तर फूटभर आणखी. कुठली रीत वापरली हे पाटीवर कधीच नसतं. बडा पाहुणा असला की टेपचा फूटच अकरा इंचांचा असे, अशी थट्टा शिकाऱ्यांतच चाले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे संपलं. जुन्या कातड्याला मालकीचा दाखला लागतो. ते वारसाने मिळतं, विकता येत नाही. बाहेरच्या देशांत मात्र टेप अजून फिरतो आहे, आणि 'शिकारीच्या पैशातूनच प्राणी वाचतो' हा तिथला युक्तिवाद सहजी उडवून लावता येत नाही. पाकिस्तानात मारखोर या वळशिंगी रानबोकडाच्या वर्षाला १२ शिकारींची आंतरराष्ट्रीय मुभा आहे. एकेका परवान्याला लाख डॉलरच्या वर मोजतात आणि त्यातला ८० टक्के पैसा डोंगरातल्या गावांना जातो. गावंच मग चोरट्या शिकाऱ्याला हुसकतात. २०१५ मध्ये मारखोर 'संकटग्रस्त' यादीतून दोन पायऱ्या वर आला. श्रेय सगळं बंदुकीचं नाही, पण थोडं आहे, हे कबूल करताना घशात काहीतरी अडकतं.

अडचण टेपपाशीच येते. कॅनडात अल्बर्टातल्या राम माउंटनवर मोठ्या शिंगांच्या मेंढ्यांची सुमारे तीस वर्षं नोंद ठेवली. शिंग ठरावीक वळणाला पोचलं की नर मारायला मोकळा. ज्याचं शिंग भराभर वाढे तो चार वर्षांचा असतानाच कायदेशीर होई, कळपात बाप व्हायची खरी संधी मिळायच्या आधीच. मागे उरले आखूड शिंगांचे. वजन घटलं, शिंगं घटली. कुठल्या शेतकऱ्याने सर्वांत टपोरं कणीस आधी खाऊन फुसकं बियाण्याला ठेवलंय?

सिंहाच्या बाबतीत उपाय म्हणून टेप सोडून नाक धरलं. तरण्या नराचं नाक गुलाबी, पाच-सहा वर्षांनी निम्म्याहून जास्त काळं. तेवढा वयस्क झाल्यावर मारला तर निदान त्याची पिल्लं वाढलेली असतात. आधी मारला तर कळपात नवा नर येतो आणि लहान पिल्लं मारून टाकतो. हिशेब बरोबर आहे. पण संध्याकाळी, आमिषाच्या झाडाखाली, दुर्बिणीतून नाकाचा रंग ठरवायचा. सावली पडते, धूळ असते, जुन्या ओरखड्यावर पुन्हा गुलाबी कातडी येते. प्रदेशागणिक रंगही बदलतो. चुकलं तर सिंह मेल्यावर दात बघून कळतं.

आणि झिंबाब्वेतला सेसिल नावाचा सिंह, २०१५ मध्ये मारलेला, तो तर वयात बसत होता. तेरा वर्षांचा. बाण लागला, आणि लगेच मेला नाही. कित्येक तासांनी पुन्हा गाठून संपवला. नाकाच्या नियमात त्या तासांसाठी रकाना नाही.

दिवाणखान्यातल्या वाघाची शेपूट, जवळ जाऊन पाहिलं तर, मधेच तुटली आहे. शेपटीतली तार गंजते आणि पोरं ओढतात, म्हणून पहिली तीच जाते. टेप लावला तर नऊ फूटही भरणार नाही. पाटी कोणी बदललेली नाही.