आरएक्स 100, पुढचं चाक: अडकलेला एक्सल अखेर निघाला

माझ्या यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलचा पुढचा एक्सल, म्हणजे फोर्कच्या दोन पायांमध्ये चाक आरपार धरणारा दांडा, गंजून अडकला होता. तो निघाला. अख्खा निघाला. आटे शाबूत, फोर्क सरळ, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) ओरखडासुद्धा नाही. मागची नोंद "आता ग्राइंडर लावावा लागेल" या वाक्यावर थांबली होती. ती वाचून काहींनी "सरळ काप" म्हणून सांगितलं, काहींनी "जरा दम धर" म्हणून. दम धरायला सांगणाऱ्यांचे मनापासून आभार.

गाडीची तयारी मागच्या वेळचीच होती: डबल स्टँड, इंजिनाखाली फणसाचा ठोकळा आणि हँडल वरच्या वाशाला दोरीनं ताणून बांधलेलं. ठोकाठोकी करायची असेल तर ही दोरी हवीच, नुसत्या ठोकळ्यावर विश्वास ठेवू नका. ठोकळा लावताना सायलेन्सरच्या बेंडवर भार येत नाही ना, हेही बघा. ब्रेकची आणि स्पीडोची केबल काढलेली होती, कॉटर पिन (नट अडवून ठेवणारी) काढून नटही सुटला होता. एक्सल मात्र जागचा हलत नव्हता.

आता मुख्य मुद्दा, कारण यातच सगळा वेळ गेला. एक्सल अडकला म्हणजे नेमका कुठे अडकला, हे कळेपर्यंत तेल ओतण्यात अर्थ नाही. एक्सलच्या डोक्याकडच्या भोकात टॉमी (आडवी सळई) घालून तो फिरवून बघायचा. अजिबात फिरला नाही, तर बहुधा फोर्कच्या अॅल्युमिनियमच्या भोकात गंजून धरलाय. (ज्यांच्या फोर्कला पिंच बोल्ट, म्हणजे एक्सल आवळून धरणारा बोल्ट, आहे त्यांनी आधी तो ढिला करावा, बऱ्याचदा तेवढ्यावरच काम भागतं.) माझा फिरत होता, पण बाहेर केसभरही सरकत नव्हता. म्हणजे फोर्कची दोन्ही भोकं मोकळी, आणि एक्सलला धरून ठेवलंय ते बेअरिंगच्या आतल्या रिंगांनी आणि त्यांच्यामधल्या डिस्टन्स पाइपनं (रिंगांमधलं अंतर राखणाऱ्या नळीनं). एक्सल फिरवला की या रिंगा त्याच्यासोबतच फिरतात, त्यामुळे टॉमी कितीही मागेपुढे केली तरी गंजाची पकड सुटत नाही. इथे जोर लांबीच्याच दिशेनं लावायला हवा.

तेलाबद्दल माझं मत पक्कं झालंय. बाजारातले गंज सोडवणारे स्प्रे नटबोल्टला ठीक आहेत. इथे तेल एका अरुंद फटीतून खोलवर जायला हवं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं, हे जुनं घरगुती मिश्रण मला सगळ्यात कामाचं वाटलं. दोन्ही एकजीव राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवूनच थेंब सोडायचे. अॅसिटोन रंग आणि प्लास्टिक खातं, आणि पेट तर लगेच घेतं. ते वापरायचं असेल तर बर्नर, हीट गन हे विषय त्या दिवशी बंद.

हातोडीनं सुरुवात सगळेच करतात, मीही केली, पण नट उलटा घालून, एक्सलच्या टोकाशी सपाट आणून, वर पितळी ठोकळा धरून. थेट टोकावर घाव बसला की टोक फुलतं, आणि फुललेलं टोक बेअरिंगमधून मागे जात नाही. हे घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर जातात, त्यांच्या वाटेवर खळगे पडतात. मला बेअरिंग बदलायचीच होती म्हणून चाललं. ज्यांना तीच ठेवायची आहेत त्यांनी हातोडी लांबच ठेवावी.

हातोडीनं काही होईना, म्हणून लेथवाल्याकडून दोन पायांचा पुलर (स्क्रू पिळून अडकलेला भाग काढायचं अवजार) आणला. पाय नटाच्या बाजूच्या फोर्कला अडकवले, स्क्रू एक्सलच्या टोकावर टेकवला आणि पिळायला लागलो. सोबत फोर्कच्या दोन पायांमधलं अंतर कॅलिपरनं बघत होतो. एक्सल हलला नाही, अंतर मात्र वाढायला लागलं. तिथेच थांबलो. विचार केल्यावर उलगडलं: पुलर एका पायाला बाहेर ओढतो. एक्सल आतल्या रिंगांना ढकलतो, रिंगा हबला, हब डोक्याकडच्या स्पेसरला (हब आणि फोर्कमधल्या कड्याला) आणि स्पेसर त्या बाजूच्या पायाला. म्हणजे सगळा जोर फोर्क फाकवण्यात जातो. जाड पायांच्या मोठ्या गाड्यांवर हा प्रकार खपेल. आरएक्सच्या काटकुळ्या फोर्कवर कुणी करू नका.

इथे मला शेजारच्या सुतारकाकांनी वाट दाखवली. ते उंबऱ्यात उभे राहून बघत होते. म्हणाले, "ठोकताय कशाला नि ओढताय कशाला? दोन्ही बाजूंनी दाबा की." आणि दाराच्या चौकटी आवळायचा त्यांचा लांब लोखंडी क्लॅम्प घेऊन आले.

एकदम डोक्यात प्रकाश पडला. एक्सलच्या डोक्यावरून सहज जाईल एवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा घेतला. त्याचं एक तोंड डोक्याकडच्या फोर्कच्या बाहेरच्या अंगाला, दुसरं क्लॅम्पच्या जबड्याला. क्लॅम्पचा स्क्रू पलीकडे एक्सलच्या आट्यांच्या टोकावर. आता एक्सलला ढकलणारा जोर आणि हबला अडवणारा जोर दोन्ही एकाच क्लॅम्पमध्ये. फोर्कचा एक पाय मध्ये नुसता दाबला जातो, दुसऱ्यावर काहीच भार नाही, आणि एक्सलला सरकायला पाइपच्या आत मोकळी जागा. कॅलिपर पुन्हा लावून बघितलं, अंतर जसंच्या तसं.

क्लॅम्प हाताच्या जोरानं आवळला, मिश्रणाचे थेंब सोडले आणि रात्रभर तसाच ताणात ठेवला. सकाळी अर्धा पीळ आणखी दिला आणि पाइपवर हलकीशी टिचकी मारली. 'टक्' असा कोरडा आवाज आला. डोकं पाइपच्या आत सरकलेलं दिसलं. त्यानंतरचं सगळं सोपं: नट फोर्कला टेकला तेव्हा तो काढला आणि एक्सलपेक्षा बारीक सळई घालून उरलेला भाग बाहेर ढकलला. तपकिरी पाण्यासारखं तेल टपकत एक्सल हातात आला. तो क्षण मी मनसोक्त उपभोगला. काकांना चहा पाजला आणि एक्सल दाखवायला ओट्यावर मांडून ठेवला.

गंजाचं कारणही दिसलं. आधी कुणीतरी एक्सल कोरडाच घातला होता, ग्रीसचा मागमूस नाही. आमच्याकडे समुद्रावरून येणारी खारी हवा, त्यात पावसाळाभर गाडी उभी. डिस्टन्स पाइपच्या आत पाणी साचून राहिलं. लोखंड गंजलं की मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणूनच रिंगांनी एवढी घट्ट मिठी मारली होती.

एक्सल पॉलिश पेपरनं साफ करून जाड काचेवर लोळवला. सरळ आहे. मधल्या भागात बारीक खड्डे आहेत, बेअरिंग बसतात तिथे मात्र पृष्ठभाग चांगला. पुण्याच्या नाना पेठेतून नवा मागवायचा ठरवलं होतं, तो बेत रद्द. या गाडीचं उत्पादन 1996 साली थांबलं, आता 'ओरिजिनल' म्हणून मिळणाऱ्या मालात खरं किती, याची खात्री देणारा दुकानदार मला भेटलेला नाही. जुना यामाहाचा एक्सल सरळ असेल तर तोच बरा.

बेअरिंग काढताना हबवर कपडा टाकून उकळतं पाणी ओतलं. हबचं अॅल्युमिनियम बेअरिंगच्या स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. सत्तर अंश तापमान वाढलं तर साधारण 37 मिमी व्यासावर सुमारे 0.03 मिमी फरक पडतो, आणि तेवढा पुरतो. बेअरिंग घेताना फक्त भोकाचं माप सांगू नका. 6201 आणि 6301 दोघांचंही भोक 12 मिमी, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास 32 आणि जाडी 10, दुसऱ्याचा 37 आणि 12. जुन्यावरचा नंबर वाचूनच मागा. आणि किनाऱ्यावर राहत असाल तर पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड नको, रबरी सीलचं टूआरएस घ्या.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या नळीनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

परत जोडताना एक्सलला साधं लिथियम ग्रीस लावणार होतो. हे लिहितालिहिताच सुचलं, रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्यांच्या इंजिनांना जे मरीन ग्रीस लावतात तेच का नको? खाऱ्या पाण्यासाठीच ते बनवलेलं असतं. उद्या तिथेच जातो. आणि जोडताना ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या अडणीत नीट बसली आहे, हे दोनदा बघणार. ती बाहेर राहिली तर ब्रेक दाबताच प्लेट फिरते आणि चाक जाम होतं. कॉटर पिन अर्थातच नवी.

खरं तर पुढचा क्रम आरे बदलण्याचा होता. पण पुढच्या एक्सलची ही दशा बघून मागचा एक्सल आधी उघडतोय, तो अजून फिरतोय तोवर. मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि चेन अॅडजस्टर (चेन ताणायचे बोल्ट) मध्ये येतात, त्यामुळे क्लॅम्पचा जबडा टेकवायला जागा कुठे मिळेल हे कळत नाहीये. कुणी आरएक्सच्या मागच्या चाकाला असा क्लॅम्प लावला असेल, तर कुठे टेकवला ते कळवा. स्पीडोच्या ड्राइव्ह गिअरचे दातही झिजलेत, कुणाकडे जुना पण चालता गिअर असेल तर तेही सांगा.